ताटातून आधी काय गेलं?

२५ मार्च २०२० हा देशव्यापी लॉकडाऊनचा पहिला दिवस, आणि गुढीपाडवाही त्याच दिवशी. पाडवा घरातच झाला, गुढीला गाठी मिळाली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या तारखेची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी बोलत नाही. फाल्गुन-चैत्र हे आमच्याकडे वर्षाची बेगमी करायचे दिवस. शाळू निघालेला असतो, नवा गहू आणि नवी तूरडाळ बाजारात आलेली असते, मिरची वाळून लाल झालेली असते. हातात पैसा असेल तो याच दिवसांत पोती उतरवून घेतो, धान्याला ऊन दाखवतो, कडुनिंबाचा पाला घालून कोठ्या भरतो. त्यामुळे पंतप्रधानांनी आदल्या रात्री आठ वाजता घोषणा केली तेव्हा एकाच गल्लीतल्या काही घरांत पुढल्या दिवाळीपर्यंतची ज्वारी होती आणि काही घरांत आठवड्याचा पगार होईपर्यंतचं पीठ. टाळेबंदी सगळ्यांना सारखी होती, ती सुरू झाली तेव्हाच्या कोठ्या सारख्या नव्हत्या.

हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. महामारीत घरातल्या अन्नाचं काय होतं, आणि मिळकतीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर ते कसं निरनिराळं होतं, हा विषय. जागा कोडोली: कोल्हापूर जिल्हा, पन्हाळा तालुका, वारणानगरला लागून असलेलं मोठं बाजारगाव.

कोडोली निवडण्याचं कारण उलटं आहे. उपासमारीचा अभ्यास करायला कुणी इथे येणार नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा साखर कारखाना शेजारी, दूध संघ शेजारी, वारणा बझारसारखं सहकारी दुकान हाकेच्या अंतरावर, शाळा-कॉलेजं, जुन्या अमेरिकन मिशनची आठवण सांगणारा ख्रिस्ती समाज, शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीवर जाणारी पोरं, आणि चहूकडे ऊस. बाहेरच्या माणसाला हा भाग सुखवस्तू दिसतो आणि तो आहेही. पण या हिरव्या शिवारातलं बहुतेक पीक ताटात येत नाही. उसाचं बिल येतं, आणि त्या बिलातून मंगळवेढ्याकडची, म्हणजे कोरडवाहू मुलखातली, ज्वारी विकत घेतली जाते. पाणी असलेला शेतकरी भाकरीसाठी पाणी नसलेल्या शेतकऱ्यावर अवलंबून आहे. मधला दुवा फक्त रोख पैसा. तो आटला की शेजारी कितीही हिरवं असलं तरी चुलीला उपयोग नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल मांडलेलं म्हणणं हेच आहे: धान्य देशात असून भागत नाही, ते आपलं करून घेण्याची ऐपत माणसाकडे असावी लागते. १९९६च्या जागतिक अन्न परिषदेनं अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली तीही फक्त पोटभर धान्याची नव्हती. सर्वांना, सर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळावं अशी होती. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना घरची अन्नसुरक्षा मोजायला आठ प्रश्न वापरते. पहिला प्रश्न चिंतेचा: पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का? मग पोषक अन्न परवडलं नाही का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादं जेवण टाळलं का, कमी खाल्लं का, घरातलं अन्न संपलं का, भूक असून खाल्लं नाही का. शेवटचा प्रश्न अख्खा दिवस उपाशी राहण्याचा. ही उतरंड मला पटते, कारण तिच्यात भूक एकदम येत नाही. पायरीपायरीनं येते, आणि आपल्याकडे चर्चा मात्र शेवटच्या पायरीचीच होते. कुणी उपाशी मेलं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं, असा सरकारी सूर त्यातूनच निघतो.

या पुस्तकाचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं: घर कुठल्या पायरीवर आहे हे त्यानं किती खाल्लं यावरून कमी कळतं. ताटातून आधी काय गेलं, नंतर काय गेलं, आणि कुणाच्या ताटातून गेलं, यावरून जास्त कळतं.

वरच्या पायरीवर काही गेलंच नाही. उलट आलं. कायम नोकरी, बागायत, पेन्शन असलेल्या घरांत लॉकडाऊनच्या पहिल्या दोन महिन्यांत पाणीपुरी, जिलेबी, केक, पनीर हे सगळं घरी करून झालं. सरकारी नोकरांचा मार्च २०२०चा पगार टप्प्यानं देण्याचा निर्णय झाला. तिसऱ्या श्रेणीतल्यांना आधी पंचाहत्तर टक्के मिळाला, बाकीचा नंतर. त्यानं कुरकुर झाली, स्वयंपाकात फरक पडला नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१च्या अहवालात देशपातळीवरचं चित्र आहे: एप्रिल-मे २०२० मध्ये सगळ्यांत गरीब वीस टक्के कुटुंबांची मिळकत जवळजवळ पूर्ण बुडाली, तर वरच्या घरांचं नुकसान पावपटीहूनही कमी होतं. त्याच विद्यापीठाच्या फोनवरल्या पाहणीत दहातल्या नऊ घरांनी लॉकडाऊनमध्ये खाणं कमी झाल्याचं सांगितलं, आणि पाचातल्या एका घरात ते सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झालं नव्हतं. पाहणी मुख्यत्वे हातावर पोट असणाऱ्यांची होती, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

तळाच्या पायरीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, आणि तिथे सरकारनं काही केलंही. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य आधीच होतं: तांदूळ तीन रुपयांनी, गहू दोन रुपयांनी. एप्रिल २०२० पासून त्यावर माणशी आणखी पाच किलो मोफत मिळालं. पाच जणांच्या घरात महिन्याला पन्नास किलो. हे धान्य नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. इतकं मोठं काम क्वचितच इतक्या लवकर झालं असेल. अंगठ्यानं संसर्ग पसरू नये म्हणून ई-पॉस यंत्रावर दुकानदाराच्याच अंगठ्यानं वाटप करायची मुभा दिली गेली, हेही शहाणपणाचंच. काही ठिकाणी त्याचा गैरफायदा घेतला गेला असेल, पण त्या वेळी रांग हलणं महत्त्वाचं होतं.

मात्र पन्नास किलो धान्यातून आमटी होत नाही. तेल, डाळ, मीठ-मिरची, चहापूड, गॅस हे सगळं रोखीचं. महिन्याला घरटी एक किलो डाळ जाहीर झाली होती, ती पाच तोंडांना चार दिवस. त्यातून गहू-तांदूळ दुकानात देऊन त्या बदल्यात तेल-साखर घेण्याची रीत गावोगाव चालू राहिली. अधिकाऱ्यांच्या भाषेत तो रेशनचा काळाबाजार. मला त्यात एक बाई दिसते, जिच्याकडे तांदूळ आहे आणि फोडणी नाही. २०२१च्या मध्यापर्यंत सोयाबीन तेल किलोला दीडशेच्या पुढे गेलं तेव्हा तर हा व्यवहार आणखी आतबट्ट्याचा झाला. दिवाळी २०२२ मध्ये राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं. धान्यापलीकडचं ताट सरकारला दिसतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. फक्त ते सणाला दिसतं.

पण सगळ्यांत कमी लिहिलं गेलं ते मधल्या पायरीवर, आणि या पुस्तकाची निम्म्याहून अधिक पानं त्यांच्यासाठी आहेत. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका आहे. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत मिळकत ती पिवळी, पंधरा हजार ते एक लाख ती केशरी, त्यावर पांढरी. अन्नसुरक्षा कायदा आल्यावर केशरीतले दोन भाग पडले. ज्यांची मिळकत ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजारांच्या आत ते प्राधान्य यादीत, बाकीचे बाहेर. ४४ हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये. फौंड्रीत कंत्राटदाराकडे आठ-दहा हजारांवर राबणारा पोरगा या हिशेबानं खाऊनपिऊन सुखी ठरतो. शिवाय राज्याचा लाभार्थ्यांचा कोटा २०११च्या जनगणनेवर बांधलेला, सुमारे सात कोटींचा. नंतर लग्न झालेली, वेगळी निघालेली, बाळंत झालेली घरं नाव चढवायला फेऱ्या मारत राहिली.

ओळखीतलं एक घर सांगतो. नाव देत नाही. अशी घरं त्या गल्लीतच चार आहेत. नवरा वडापची, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीची, जीप चालवतो, बायको तेव्हा एक म्हैस सांभाळायची, दोन मुलं, सासू. कार्ड केशरी, यादीबाहेरचं. या घराच्या वर्षातला मोठा पैसा चैत्रातला. जोतिबाचा डोंगर जवळ, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखोंनी माणूस येतं. वडापवाले, चहावाले, नारळ-खोबरं-गुलाल विकणारे, सगळ्यांची वर्षाची तोंडमिळवणी त्या आठवड्यात होते. जीपचे थकलेले हप्ते, मुलांच्या वह्या-पुस्तकांची तजवीज, सगळं यात्रेवर. २०२०ची यात्रा रद्द झाली. २०२१चीही झाली. लग्नसराई दोन्ही वर्षी गेली. एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षावाल्यांना सरकारनं दीड हजार रुपये जाहीर केले. वडापला परवाना कुठला असायला?

या घराच्या ताटातून आधी रविवारचं मटण गेलं. (लॉकडाऊनच्या तीन-चार महिने आधी मटणाच्या दरावरून कोल्हापुरात कृती समिती निघाली होती, आंदोलन पेटलं होतं. मार्चनंतर त्या दरावर कुणी ब्रही काढला नाही. परवडत असलेल्यांना तक्रार करता येते, हे तेव्हा समजलं.) मटणाच्या जागी काही दिवस कोंबडी आली, कारण कोंबडीनं कोरोना होतो या अफवेनं पोल्ट्रीवाल्यांचा माल मातीमोल झाला होता, पुढे दर वर गेले तशी तीही गेली. मग मुलांची खारी-टोस्ट गेली. फळं नव्हतीच. मग आठवड्याची भाजी दोनदाच्या जागी एकदा, आणि ती संपली की शेंगदाण्याची चटणी किंवा नुसता खर्डा. डाळ गेली नाही, पण आमटी पातळ होत गेली. आणि यानंतर जे गेलं ते बाहेरच्याला कळणारच नाही: घरचं दूध. म्हशीच्या दुधातलं लिटरभर आधी मुलांना आणि सासूला राहायचं. दर दहा दिवसांनी येणारं डेअरीचं बिल हा घरातला एकमेव रोख पैसा उरला, तेव्हा ते लिटरभरही डेअरीला जाऊ लागलं. चहा कोरा झाला. दुभतं जनावर दारात असलेल्या घरात मुलांचं दूध बंद झालं. ‘घरी म्हैस आहे का’ असा रकाना असलेल्या प्रत्येक सर्वेक्षणात मात्र हे घर वरच्या पायरीवर गेलं असतं.

या पायरीवरल्या लोकांनाही सरकारनं अगदीच विसरलं नव्हतं. मे आणि जून २०२० मध्ये यादीबाहेरच्या केशरी कार्डाला माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळाला. पाच जणांना महिन्याला २४० रुपये. बाकी काळ हे घर दुकानाच्या वहीवर चाललं. आणि वही म्हणजे अनंत नव्हे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या घाऊक व्यापाऱ्यानं रोखीशिवाय माल सोडला नाही की कोडोलीतला किराणावाला तरी किती दिवस लिहून घेणार? उधारीला पत लागते. कायम नोकरीवाल्याची उधारी दुकानदार हसत लिहितो, त्याला ती लागत नसते. वडापवाल्याची उधारी महिन्यानं थांबते. भिशी मोडली जाते, बचत गटातून उचल होते, मग बायकांच्या नावावरचं मायक्रोफायनान्सचं कर्ज, मग कानातलं-गळ्यातलं पतसंस्थेत. हप्त्यांना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली, व्याज मात्र चढत राहिलं.

मिळकतीची पायरी ओळखायची सोपी खूण हवी असेल तर चटणी बघावी. आमच्याकडे चटणी म्हणजे तोंडीलावणं नव्हे, तो रोजच्या स्वयंपाकाचा वर्षभराचा मसाला. चैत्र-वैशाखात मिरच्यांची देठं काढून, उन्हात तापवून, धणे-तीळ-खोबरं-खडा मसाला भाजून, कांदा-लसूण तळून डंकावर कुटून आणतात. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. एकदम रक्कम घालावी लागते, म्हणूनच तिच्यात ऐपत उमटते. वरच्या घरात २०२० मध्येही पाच-सहा किलो मिरचीची चटणी झाली. मधल्या घरात दोन किलोची, आणि संकेश्वरी महाग म्हणून साधी मिरची, खोबरं निम्मं. खालच्या घरात चटणी झालीच नाही. दहा रुपयांची पुडी वर्षभर. किलोमागे हिशेब केला तर सगळ्यांत महाग चटणी त्यांनीच खाल्ली. गरिबाला तीच वस्तू जास्त दरानं घ्यावी लागते हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. इथे ते फडताळातल्या बरणीत दिसतं.

गावातल्या कुठल्याच कार्डावर नसलेली माणसंही गावात होती. बीडकडून आलेले ऊसतोड मजूर हंगाम संपता संपता कारखान्यांच्या परिसरात अडकले. १७ एप्रिलला राज्य सरकारनं त्यांना घरी जाऊ द्यायचं ठरवलं, राज्यभरात ते सव्वा लाखावर होते. त्यांचं रेशन त्यांच्या गावी, ती इथल्या खोपटात. कुणी शिधा दिला तर चूल.

शाळा बंद झाल्या तशी आणखी एक गोष्ट घडली. मुलांची खिचडी थांबू नये म्हणून कोरडा तांदूळ आणि कडधान्य घरी दिलं गेलं. हेतू चांगला, हिशेबही बरोबर. पण शाळेतली खिचडी त्या एका मुलाच्या पोटात जायची. घरी आलेला तांदूळ सगळ्यांच्या पातेल्यात गेला. जायलाच हवा होता. अंगणवाडीच्या शिध्याचंही तेच. घराच्या दारापर्यंत पोचलेलं अन्न आतमध्ये कसं वाटलं जातं हे कुठल्याच यंत्रावर नोंदलं जात नाही, आणि आमच्या घरांत वाढणारी बाई शेवटी जेवते. पातळ आमटीतली डाळ आधीच्या ताटांत वाढली जाते, तिच्या वाट्याला तळही येत नाही. तिच्या वाट्याला पाणी येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या आढळल्या आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. हे आकडे महामारीचा परिणाम म्हणून सर्रास सांगितले जातात. ते तसे नाहीत. राज्यातली ती पाहणी २०१९ च्या जून ते डिसेंबरात झाली. म्हणजे ही परिस्थिती महामारी यायच्या आधीची, चांगल्या दिवसांतली.

साथ आणि भूक जोडीनं येण्याचा या मुलखाला जुना अनुभव आहे. १८९६-९७ मध्ये दुष्काळ आणि प्लेग मागोमाग आले तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं आणि दुष्काळी कामं काढली. १९१८ मध्ये इन्फ्लूएंझाची लाट आली त्याच वर्षी पाऊस हुकला, आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. १९७२च्या दुष्काळातून राज्याला रोजगार हमी मिळाली. तेव्हाची सुकडी आणि मिलो अजून म्हातारी माणसं तोंड वाकडं करून सांगतात. या सगळ्यांत आणि २०२० मध्ये एक मोठा फरक आहे. तेव्हा पीक बुडालं होतं. या वेळी पीक आलं होतं, गोदामं भरली होती, टोमॅटो-कोबी शेतात कुजत होता, दूध जास्त झालं म्हणून सरकार लिटरला २५ रुपये देऊन त्याची पावडर करत होतं. आणि रोजगार हमीचा जुना उपाय, चार माणसं एका कामावर आणून मजुरी देणं, संसर्गाच्या भीतीनं पहिल्या आठवड्यांत चालणारच नव्हता.

शिवाय कोल्हापूरला ही आपत्ती सुटी आली नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर, मग मार्च २०२०, मग राज्यात जवळजवळ सगळ्यांत लांबलेली दुसरी लाट (जून २०२१ मध्येही जिल्हा निर्बंधांच्या चौथ्या स्तरात), आणि ती ओसरते न ओसरते तोच जुलै २०२१ चा पूर. वारणाकाठच्या घरांनी पहिल्या पुराचं कर्ज फेडायच्या आधी तीन तडाखे खाल्ले. म्हणून या पुस्तकात ‘कोरोनामुळे’ हा शब्द शक्यतो जपून वापरला आहे.

राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ ला पूर्ण उठले. मोफत धान्याची जादा योजना डिसेंबर २०२२ ला संपली आणि जानेवारी २०२३ पासून यादीतल्यांचं नेहमीचं धान्यच मोफत झालं. यादी तीच राहिली. वर सांगितलेल्या घरानं दुसऱ्या लाटेत म्हैस विकली, जीप राखली. दागिना सुटायला पुढं दोन वर्षं लागली, आणि तोवर रविवार सुनाच गेला. महामारी सगळ्या घरांत एकाच तारखेला संपली नाही, त्यामुळे प्रकरणांना तारखा दिलेल्या नाहीत. ती कार्डाच्या रंगाप्रमाणे लावली आहेत. वाचकाला घाई असेल तर पांढरं आणि पिवळं मागाहून वाचलं तरी चालेल, केशरीपासून सुरुवात करावी.